भाऊजींची सही काही जुळेना

...नाही, मला काय करायचंय म्हणा! हात त्यांचा, अपील त्यांचं, बायकोही त्यांचीच... पण शेजारचा माणूस बुटांना पॉलिश करून, कडक इस्त्रीच्या शर्टात, बायकोचा डोळा चुकवून चोरपावलांनी जिना उतरायला लागला, तर दाराच्या फटीतून बघणारी बाई गप्प बसेल? तुम्ही बसाल?

हे भाऊजी फौजेतले. सेवेत असताना खांद्यात लोखंडाचा तुकडा घुसला, तेव्हापासून उजवा हात असा थरथरतो की चहा कपात कमी, बशीत जास्त! शर्टाची बटणं वहिनी लावून देतात. (मला कसं ठाऊक? अहो, खिडकी समोरच आहे!) अपंगत्वाचं पेन्शन मंजूर झालं तर हाताचे उपचारही होतील, पण पहिला अर्जच फेटाळला. का? तर डॉक्टरने विचारलं, "काय त्रास होतो?" आणि आमचे भाऊजी 'विश्राम'मध्ये उभे! दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरलेले, छाती पुढे, "एकदम फिट, साहेब!" आता बोला! डॉक्टरने तरी काय लिहायचं? लिहिलं, फिट!

मग वहिनींनी रडून-भेकून अपील करायला लावलं. त्यावरची एक सही जमेपर्यंत भाऊजींनी दार लावून कागदांमागून कागद फाडले. कचऱ्याच्या डब्यात दिसले हो, मी काही मुद्दाम बघत नाही!

तर जिना उतरून ते बसमध्ये पुढे, मी मागे. ते पेन्शनच्या कचेरीत, मीही कचेरीत. आणि खिडकीशी जाऊन हा माणूस म्हणतो काय, "अपील मागे घ्यायचंय." कारकून मान वर न करता, नाकातून, "मागे घेतलं की खारीज. मग पुन्हा उघडता येत नाही. तोंडी चालणार नाही, लेखी द्या, सही इथं माझ्यासमोर."

मी घुसलेच मध्ये. "भाऊजी, अहो, वहिनींना तरी विचारा!"

"ताई? तुम्ही इथं कशा?"

"मी... सहज!" कचेरीत सहज कोण येतं हो?

ते खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, बरोबरचे दोघं परत आलेच नाहीत. मी आलो. आता आणखी मागू कुठल्या तोंडानं?"

मी पदर खोचला. म्हटलं, "ते दोघं असते ना, तर त्यांनी तुमचं बखोट धरून इथं आणलं असतं, अपील चालवायला!"

ऐकतील तर शपथ. मला काय करायचंय म्हणा... त्यांनी पेन उचललं. सही अशी उमटली, जशी शाईत बुडालेली मुंगी कागदावर सैरावैरा पळाली! कारकुनानं जुनी फाईल काढली. "जुळत नाही." पुन्हा केली. "जुळत नाही." मागे रांग वाढली, लोक कुरकुरायला लागले, भाऊजींच्या कपाळावर घाम... तेवढ्यात आतून कारकुनाच्या वरच्या अधिकारी बाई आल्या. त्यांनी फाईल बघितली, 'फिट'. मग हात बघितला. भाऊजींनी तो लगेच पाठीमागे नेला!

"पुढेच राहू द्या," बाई हळूच म्हणाल्या. मग कारकुनाकडे वळून, "सही जुळत नाही, सबब मागे घेण्याचा हा अर्ज फेटाळला. अपील चालू. हाताची फेरतपासणी लावा, आणि हे सह्यांचे कागदही फायलीला जोडा."

अहो, काहीतरी फेटाळलं म्हणून आनंदानं टाळ्या पिटणारी मी पहिलीच असेन त्या कचेरीत!

परतताना बसमध्ये विचारलं, "आता डॉक्टरने विचारलं तर काय सांगाल?"

भाऊजी ताठ बसले. "एकदम फि..."

मी डोळे वटारले.

"...थरथरतो," ते खिडकीबाहेर बघत पुटपुटले. "बराच."

ऐकलंत? बराच म्हणाले! पण भरवसा नाही हो. तपासणीलाही मलाच जावं लागणार, त्यांच्या पाठीमागे भिंतीसारखं उभं राहायला... हात मागे न्यायला जागाच नको! आता मला काय करायचंय म्हणा, पण भिंत कोण होणार?