‘अन’ काढल्यावर

दोष काकांचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर माझ्याकडे बघून च्च च्च करायला नको... आणि नाही हो, चिडलेलो नाही मी, लाज वाटतेय मला, पण आमच्या घरात लाज वाटली तरी ती आवाज चढवूनच सांगायची पद्धत आहे, आणि ती पद्धतही काकांचीच!

आता काका कोण, तर माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील गेले तेव्हा मी एवढासा, घरात आई, काका आणि मी अशी तीन टाळकी उरली, त्यात इंग्रजी येणारं टाळकं एकच. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं या माणसाने. आता मास्तर घरातच म्हटल्यावर पुतण्या कसा फाडफाड बोलायला हवा, नाही का? तुम्हाला सांगतो, काकांनी मला इंग्रजीतलं धड एक वाक्य शिकवलं नाही. शिकवल्या त्या शिव्या. त्याही साध्यासुध्या नाहीत, साध्या मी गल्लीत फुकट शिकलोच होतो, काकांच्या शिव्या म्हणजे कडक इस्त्रीच्या. केसांतून कंगवा फिरलेला नसला की ‘अनकेम्ट’. पाहुण्यांसमोर भुरके मारत चहा प्यायलो, ‘अनकूथ’, म्हणजे चार माणसांत बसायची अक्कल नसलेला. बल्ब बदलायला स्टुलावर चढलो आणि बल्ब फोडून खाली उतरलो, ‘इनेप्ट’, म्हणजे ज्याच्या हाताला काही म्हणजे काही जमत नाही असा. यावर तोंड पाडून बसावं, तर लगेच ‘डिसग्रंटल्ड’, म्हणजे कायम धुसफुसणारा. आणि शर्ट चुरगळलेला, ‘डिशेव्हल्ड’. प्रत्येक शिवीमागोमाग मराठीत अर्थ, शेजाऱ्यांचीही सोय व्हावी म्हणून. दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं त्या दिवशी तर हे सगळे शब्द एका दमात झाले, मधे श्वास म्हणून घेतला नाही. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, भावजी, पुरे आता, भाजी करपतेय... भाजीचा आणि याचा काय संबंध, ते मला अजून कळलेलं नाही.

तर माझी इंग्रजीची सगळी पुंजी ही. दोष काकांचा, म्हटलं ना.

नोकरी कुठे, तर हॉटेलात. हॉटेलात म्हणजे हॉटेलच्या तळघरात. कपडे धुण्याचा विभाग. खोल्याखोल्यांतून चादरी यायच्या, मी त्या मशिनीत घालायच्या, काढायच्या, दोन टोकं मी धरायची, दोन टोकं समोरच्याने, झटकायच्या, घडी घालायची. वाफेने चेहरा कायम उकडलेल्या बटाट्यासारखा. आणि वर... वर काउंटर! तिथला मुलगा टाय लावून उभा, समोर घंटी, मागे खोल्यांच्या किल्ल्या, पंखा थेट डोक्यावर. तो मुलगा सोडून गेला आणि मॅनेजरबाईंनी निरोप पाठवला, खालच्यांपैकी कोणाला यायचंय का वर? अट एकच, स्वतःबद्दल इंग्रजीत थोडं बोलून दाखवायचं.

आता मी स्वतःबद्दल इंग्रजीत काय बोलणार? मला स्वतःबद्दल इंग्रजीत जेवढं माहीत, ते सगळं काकांनी सांगितलेलं! ‘मॅडम, मी अनकेम्ट, अनकूथ, इनेप्ट आहे’ असं म्हणून काउंटर मिळतं होय? आणि चादर झटकता झटकता डोक्यात लख्ख उजेड पडला. ‘अन’ म्हणजे नाही. ‘डिस’ म्हणजे नाही. ‘इन’ म्हणजेही नाहीच. हॅपी, अनहॅपी, शाळेतलंच की! मग शिवीच्या पुढचा नन्ना उपटून टाकायचा, मागे कौतुकच उरणार! इतकी वर्षं माणूस मला शिव्या देत होता आणि आत कौतुक भरलेलं होतं, नुसतं सोलायचं राहिलं होतं. मी तर ‘शेव्हल्ड’मध्ये दाढीही पाहून घेतली, म्हटलं, शेव्हल्ड म्हणजे गुळगुळीत दाढी केलेला, शंकाच नाही.

मुलाखतीला काका बरोबर आले. मी नको नको म्हणत असताना आले, आईने भरीला घातलं म्हणून नाही, आपले आपणच आले, इस्त्रीचा शर्ट घालून. आणि हॉटेलच्या त्या चकचकीत हॉलमध्ये, माझ्या बरोबरीची पोरं सामान वाहून नेत असताना, खिशातून कंगवा काढला आणि माझी हनुवटी धरून, तुम्हाला सांगतो, हनुवटी धरून, भांग पाडला माझा! वर म्हणतात कसे, "हलू नकोस गधड्या. अनकेम्ट जाणार होतास आत?" सामानवाली पोरं दात काढतायत, माझे कान लाल. त्या क्षणी मनात काय आलं ते सांगणार नव्हतो... हा म्हातारा माझा कोणी नसता तर किती बरं झालं असतं, असं आलं.

गेलो आत. मॅनेजरबाईंची खोली काचेची, दार उकाड्यामुळे सताड उघडं, बाहेर समोरच सोफ्यावर काका. बाई म्हणाल्या, हं, बोल. मी सुरू. "मॅडम, आय अ‍ॅम केम्ट. आय अ‍ॅम शेव्हल्ड. माय फॅमिली इज व्हेरी कूथ. इन वर्क आय अ‍ॅम एप्ट. अँड टुडे आय अ‍ॅम सो ग्रंटल्ड टु मीट यू."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग चष्मा काढला. मग हसायला लागल्या, म्हणजे कशा, आधी आवाज नाही, नुसते खांदे, मग एकदम भोंगा. हिशेबनीस धावत आला, त्याला मला पुन्हा सगळं बोलायला लावलं, मी बोललो! बोललो हो मी पुन्हा, ग्रंटल्डसकट! मग डोळे पुसत बाई म्हणाल्या की अरे, हे शब्द आता कोणी वापरत नाही. ‘अन’ लागलेले, ‘डिस’ लागलेले तेवढे राहिले, आतले मूळचे कधीच वापरातून गेले.

का गेले? बाईंनी नाही सांगितलं, मी सांगतो. कोणी तोंडातून काढले नाहीत म्हणून गेले! कुठल्याशा काकाच्या कुठल्याशा काकाने, पोराचा भांग नीट दिसला तेव्हा तोंड उघडलं नाही, विस्कटला की लगेच उघडलं. पिढ्यानपिढ्या तेच. शिवी तेवढी रोज घासूनपुसून लखलखीत, आणि कौतुक पडलं अडगळीत. सगळीकडची म्हातारी माणसं सारखीच, आपल्याकडे काय वेगळं आहे? पोरगा निगरगट्ट असतो, गरगट्ट कधी ऐकलाय तुम्ही? ‘काय हो, तुमचा मुलगा अगदी गरगट्ट, एका हाकेत उठतो!’ अजागळ हजार भेटतील, एक जागळ दाखवा मला. बेफाम सुटलेले पुष्कळ, फाम कोण सुटलाय? दोष काकांचा आणि त्यांच्या अख्ख्या जमातीचा!

हे सगळं मी आता बोलतोय. तेव्हा नुसतं ‘येस मॅडम’ म्हणालो. आणि माझी नजर गेली बाहेर. काका सोफ्याच्या कडेला येऊन बसले होते, मान पुढे, आणि त्यांचे ओठ हलत होते. मला उत्तरं सांगत होते हो! परीक्षेला बसलेल्या पोराला खिडकीतून सांगतात ना, तशी... वर्गात कोणाला कधी कुजबुजू दिलं नाही या माणसाने. कंगवा अजून हातातच.

बाईंनीही पाहिलं. म्हणाल्या, "ते बाहेरचे गृहस्थ तुझ्याबरोबर आलेत का? मघापासून काहीतरी पुटपुटतायत."

आणि मी म्हणालो, "नाही मॅडम. कोणीतरी अनोळखी आहेत."

दार उघडं होतं, सांगितलंय मी तुम्हाला.

ओठ हलायचे थांबले. कंगवा खिशात गेला. बस्, एवढंच झालं. आणि बाई म्हणाल्या, सोमवारपासून वर ये, तुझ्यामुळे पाहुणे हसतील तरी.

बसथांब्यावर मी वाट बघत होतो. बसची नाही, शिवीची. एक ‘अनकूथ’ पडला असता ना, तरी मोकळा झालो असतो, पाय धरले असते तिथेच. पडेना. मग मी काय केलं, दोन्ही हात डोक्यात घातले आणि त्यांनी पाडलेला भांग पार विस्कटून टाकला, झिपऱ्या डोळ्यांवर, आणि समोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, आता तरी म्हणतील. काकांनी बघितलं. शांतपणे म्हणाले, "बस आली. चढा."

चढा! मला वाटलं, माझ्यामागे कोणी बाई उभ्या असतील. वळून पाहिलं. कोणी नव्हतं.

तेव्हापासून हे असंच. "अहो, जरा पाणी देता का?" "आज उशीर होईल का तुम्हाला?" आई खूश, तिला वाटतं पोरगा टाय लावून जातो म्हणून भावजी मान देतायत. एकदा मुद्दाम त्यांच्यासमोर भुरके मारत चहा प्यायलो, सगळा कप. काकांनी पेपर वर धरला आणि म्हणाले, "आणखी साखर हवी असेल तर घ्या."

दोष काकांचा, असं मी मघापासून म्हणतोय... म्हणत असतो मी, सवयीने. काउंटरवर पाहुणे नसले की तो माझाच शब्द घेऊन बसतो. अनोळखी. पुढचा ‘अन’ उपटून बघतो.

तर काउंटर मिळालं. डोक्यावर पंखा आहे, टाय हॉटेलचा आहे, भांग माझा मीच पाडतो. काका मला अहो म्हणतात.