डब्याच्या सुट्टीतला पिक्चर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे व्यवस्थापक माननीय श्यामसुंदर टिपणीस साहेब, युनियनचे चिटणीस भीमराज कासारे, व्यासपीठावरील इतर सन्माननीय मंडळी, ज्यांच्यासाठी आज मशीन लवकर बंद झाली त्या आपल्या सुगंधाताई मेस्त्री, त्यांचे यजमान दत्तारामभाऊ, आणि पंख्याखालची जागा पकडून बसलेल्या पॅकिंगच्या माझ्या सगळ्या बायांनो,

मी रत्नप्रभा घाडी. औषधाच्या गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरणं हे माझं काम, भाषण करणं नव्हे. साहेबांनी ताईंच्या कामाबद्दल सगळं सांगितलंच आहे. हजेरी, शिस्त, कधी एक खोकं चुकलं नाही, वगैरे. ते खरंच आहे. मी फक्त पिक्चरबद्दल बोलणार आहे, कारण त्या बाबतीत साहेबांना काही माहीत नाही.

साहेब, आपल्याकडे दर सोमवारी डब्याच्या सुट्टीत पिक्चर लागायचा. रविवारी ताई आणि दत्तारामभाऊ मुलुंडला नाहीतर घाटकोपरला पिक्चर बघणार आणि सोमवारी ताई तो आम्हाला सांगणार. पडद्यावर नावांच्या पाट्या पडतात तिथपासून. हिरॉईनची साडी कसली, सासूने कुठला कप फोडला, सगळं. आमच्यातल्या कितीजणींना थिएटरात जायला मिळतं? घरी विचारायचं, पोरांना कुणाकडे ठेवायचं, लायनीत उभं राहायचं. आम्ही भाकरी खाता खाता पिक्चर बघितले. कुणाची भाजी संपलेली कळायचं नाही.

आता माझं मत विचाराल, तर मी काही जाणकार नाही. पण जुना पिक्चर मला आवडतो. जुन्या पिक्चरमध्ये माणूस मरायचा तर त्याला बोलायला वेळ असायचा. बायकोचा हात धरायचा, पोरांना सांभाळ म्हणायचा, मग मान टाकायचा. बघणाऱ्याला रडायला सवड मिळायची. हल्लीच्या पिक्चरमध्ये धाडकन गोळी, आणि पुढच्या मिनिटाला बर्फात नाच. मेलेल्याचं कुणाला काही नाही. व्हिडिओवर तर लोक मरणाचा सीन पुढे पळवतात म्हणे. पण एक सांगू? जो मेलाही नाही आणि आलाही नाही, असा माणूस मी कुठल्याच पिक्चरमध्ये बघितला नाही, जुन्या नाही नि नव्या नाही.

तसा माणूस माझ्या घरात होता. माझे यजमान गुणाजी घाडी. नाव घेते, उखाण्याशिवाय घेते. मालवाहू बोटीवर खलाशी होते. वादळात बोट बुडाली. काही माणसं जिवंत सापडली, काहींची प्रेतं सापडली. हे कशातच सापडले नाहीत. कंपनीने सांगितलं, बेपत्ता.

थोरले दीर म्हणाले, गावी जाऊ, दर्भाचा पुतळा करून अग्नी देऊ, तशी रीत आहे. मी म्हटलं, हात लावायचा नाही. मी रडलेही नाही. रडले असते तर ते गेले असं झालं असतं ना. माझी शुभा तेव्हा शाळेत होती. दारावर थाप पडली की हातातलं टाकून धावायची. दूधवाला असायचा. तरी मी तिला कधी धावू नको म्हटलं नाही.

इथल्या बायांना ठाऊक आहे, पुरुष मंडळींसाठी सांगते. पॅकिंगला जाताना आम्हाला बांगड्या, मंगळसूत्र, सगळं काढून लॉकरमध्ये ठेवावं लागतं. डोक्याला टोपी, अंगात पांढरा झगा. आत गेलं की सवाष्ण कोण नि कोण नाही, काही कळत नाही. आणि सुटताना जी ती आपापलं घालते. मी रोज संध्याकाळी घालत होते. घालताना कुणी माझ्याकडे बघायचं नाही. तेवढी माया या बायांनी केली.

त्याच सुमारास ताईंनी एका सोमवारी एक पिक्चर सांगितला. नवा होता, पण वळण जुनं. त्यातला नवरा कोळी. होडी घेऊन जातो, होडी उलटते. बायको वाट बघत राहते, गाव तिला नावं ठेवतं, आणि शेवटी तो दाढी वाढलेला असा दारात उभा राहतो. ताईंनी ते इतकं सुंदर सांगितलं की घंटा झाली तरी कुणी उठेना. मी त्या रात्री दिरांना कळवलं, पुन्हा विषय काढू नका.

आणि मग मला तो पिक्चर डोळ्यांनी बघायची इच्छा झाली. तो दारात येतो तेवढं बघायचं होतं. शुभाला शेजारच्या वसुधावहिनींकडे ठेवलं आणि घाटकोपरला एकटी जाऊन बसले.

मंडळी, तो येत नाही. इंटरव्हलच्या आधीच त्याचं प्रेत किनाऱ्याला लागतं. उरलेला अख्खा पिक्चर त्या बाईचा आहे. ती मासळीची पाटी उचलते, पोर वाढवते, तिचं लग्न करते. शेवटी दारात कुणी नसतं. तीच दार लावून घेते.

मी तिथे रडले. खूप रडले. थिएटरात बरं असतं, आजूबाजूला सगळेच रडत असतात, का म्हणून कुणी विचारत नाही. घरी येऊन शुभाला जवळ घेतलं आणि सांगितलं, बाबा बुडाले गं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, लॉकरमध्ये ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं. डब्याच्या सुट्टीत ताई नवा पिक्चर सुरू करणार, तर मी म्हटलं, आज मी सांगते. आणि तोच पिक्चर सांगितला, होता तसा. "तो बुडाला" हे शब्द मी तुम्हा सगळ्यांसमोर म्हटले. ताईंचा घास हातात राहिला. मग म्हणाल्या, "रत्ना गो, माका शेवट म्हायत होतो. पण तुझ्या तोंडाकडे बघून जीभ रेटाक नाय."

मला राग आला नव्हता का? आला होता. पण विचार केला, दुनियेत माझ्या नवऱ्याला परत आणायला कुणी काही केलं नाही. या बाईने निदान पिक्चरमध्ये तरी आणला.

आता ताई वेळेआधी निवृत्त होतायत, कारण काचबिंदूने त्यांची नजर गेली. ऑपरेशन झालं, उपयोग झाला नाही. पट्टीवरचं छापील दिसत नाही, आणि पडदाही दिसत नाही. दत्तारामभाऊ नेतील त्यांना अजूनही, पण भाऊ इंटरव्हलनंतर झोपतात, हे सगळ्या डिपार्टमेंटला ठाऊक आहे. हसू नका, भाऊंनीच सांगितलंय.

माननीय अध्यक्षांनी मला बोलू दिलं, आपण सगळ्यांनी चहा थंड होऊ देऊन ऐकलंत, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. सत्काराच्या दिवशी मरणाच्या गोष्टी काढल्या, बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या.

आणि ताई, रविवारी मी तीनचा खेळ बघणार आहे. सोमवारी सुटल्यावर तुमच्याकडे येते. पाट्यांपासून सांगेन. आणि कुणी बुडालं, तर बुडाला म्हणूनच सांगेन. तुमचा हात धरून सांगेन.