भिंतीवरचा हिरवा दिवा

कोट काढू नकोस, राहू दे अंगावर. बूट काढलेस तेवढं पुष्कळ झालं. बस त्या गादीवर, आणि मघाशी दारात उभं राहून जे काय म्हणालास ते परत म्हण बघू — अभिनंदन? कुणाचं, माझं? "उल्कान-अपा, तुमच्या गल्लीची हवा सुधारली" — वा रे वा! हवेच्या कचेरीतला माणूस पेढे वाटायला आलाय — हो, दिसला मला चॉकलेटचा डबा, ठेव तिकडे. चहा घे. अर्धाच पियाला दिलाय म्हणून चिंगूस समजू नकोस, काठोकाठ भरून कुणाला देतात ते ठाऊक असेल तुला — नाही? बिश्केकच्या फ्लॅटात वाढलेली पोरं तुम्ही, तुम्हाला कोण शिकवणार! पाहुण्यानं आता उठावं असं वाटलं की भरून देतात. म्हणजे तू बसलेला मला चालतोयस. अजून तरी.

तर सुधारली. आणि कशानं, तर म्हणे तुमच्या पत्रकांनी — ओला कोळसा जाळू नका, चिंध्या जाळू नका, धुराडं साफ ठेवा. अरे, त्या पत्रकांनी अख्ख्या गल्लीनं शेगड्या पेटवल्या! छान कागद होता, जाड, भर्रकन पेट घ्यायचा. आणि चिंध्या कोण जाळतं? कोपऱ्यावरचा हमामखाना. शिवणकामाच्या कारखान्यांतनं पोत्यांनी कातरण येतं, दिवसाढवळ्या भट्टीत जातं, निळा धूर निघतो — गेलास कधी तिकडे? नाही जायचास. तुमचे साहेबलोकच तिथं पाठ शेकायला येतात. खाली मान नको घालू, तुला नाही म्हणत मी — म्हणजे तुलाच म्हणते, दुसरं कोण येतंय इथं ऐकून घ्यायला?

पानं गळत होती तेव्हा तूच शिडीवर चढून हा हवा मोजायचा डबा लावलास माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर. भिंत माझी, वीज माझी. सगळी गल्ली सांगत होती, उल्कान, सरकारी भानगड भिंतीला टांगून घेऊ नकोस. मी म्हटलं, का नको? डबा लाल दाखवेल, वरच्यांना कळेल, गॅसची पाइप येईल. शिडी कुणी धरली होती आठवतंय? माझ्या नातीनं, बेगिमायनं. तुला विचारलं होतं तिनं, "दादा, ह्याचं नाक कुठंय?" मग रोज सकाळी शाळेला निघाली की आधी डब्यावरच्या दिव्याकडे बघायची. हिरवा दिसला की उडी मारणार होती — पण दिसायला तर हवा! सदा लाल. मग तोंडाला फडकं बांधायचं, आणि दप्तरात वहीच्या आधी तो दम्याचा पंप. — आता? आता शाळेत गेलीय. येईल इतक्यात. तू चहा पी.

काय, खर्च आणि फायदा? हो, समजतं मला, मी काही खुळी नाही. पाइपला खर्च इतका, आजारपण वाचलं इतकं, वजाबाकी करायची, जिथं फायदा जास्त तिथं पाइप आधी. मी तरी दुसरं काय करत होते? रोज दिवेलागणीला शेगडीपुढं बसून हेच गणित! पेटवली तर पोरगी खोकते, नाही पेटवली तर गारठते. अजून एक फावडं टाकू की नको? तुमचं गणित चुकलं तर तुम्ही नवा कागद घेता. माझं चुकलं की तिची छाती वाजायची, आणि मी पाठ चोळत बसायची. आणि तुमच्यातली ती पोरगी आली होती ना, गोड गोड बोलणारी — "आजी, स्वच्छ हवेसाठी दरमहा किती सोम द्यायला तयार आहात?" मी लाटणं दाखवलं तिला. हवेचा भाव करायला निघालेत!

थांब. थांब जरा. आत्ता काय म्हणालास? नकाशावर गल्ली हिरवी झाली म्हणून यादीत खाली गेली? म्हणजे उन्हाळ्यात येणारी पाइप — नाही येणार? दुसऱ्या गल्लीला आधी?

अरे गाढवा! हात लाव त्या शेगडीला. लाव म्हणते ना! गार आहे की नाही? कोट काढू नकोस का म्हटलं, आलं ध्यानात? बेगिमाय गेल्यापासनं पेटवलेलीच नाही मी. हो, गेली. शाळेत नाही, खोटं बोलले. इसिक-कुलच्या तळ्याकाठी गेली, तिच्या आईच्या आईकडे. डॉक्टर म्हणाला, इथं हिवाळा काढू नका. मुलगा-सून मॉस्कोला कामाला, सून फोनवर रडली. मीच गाडीत बसवली तिला. काचेतनं विचारत होती, परत कधी आणशील? मी म्हटलं, पाइप आली की. — एकट्या बाईला कशाला हवी शेगडी? विजेची तबकडी आहे स्वयंपाकाला, अंगावर दोन रजया घेते. आणि तुझा डबा माझ्याच धुराड्याखाली, त्याला माझाच धूर आधी लागायचा. तो बंद झाला, झाला दिवा हिरवा! पत्रकांनी नाही रे, पोरगी गेली म्हणून. त्या गोड पोरीला सांग, उल्काननं मोजली किंमत. सोम नाही, नात.

वर आणि तोंड वर करून विचारतोस, दर गुरुवारी डब्याचा आकडा का चढतो, गुपचूप काही जाळता का? वास नाही आला तुला? तेल तापतंय. आज गुरुवारच आहे. सात तोकोच, छोट्या भाकऱ्या, तळते मी माझ्या नवऱ्याच्या, सादिरच्या नावानं, माझी आई तिच्या गेलेल्या माणसांसाठी तळायची तशी. खिडकी उघडी ठेवून, वास त्याच्यापर्यंत पोचावा म्हणून. जन्मभर कोळशाचा ट्रक हाकला त्यानं आणि छातीच्याच दुखण्यानं गेला. — काय? खिडकी लावून तळा? मेलेला माणूस काय किल्लीच्या भोकातनं हुंगणार?

सांग ना, किती लाल लागतो तुम्हाला? हमामखान्यातनं एक पोतं कातरण आणते, आत्ता पेटवते, तुमचा नकाशा करपेपर्यंत लाल करते. मग येईल पाइप? मग आणू पोरीला? बोल की! — ऐकू येतंय? पलीकडे दिलबाराची जुळी रडतायत. तान्ही आहेत. त्यांच्या पाळण्यावरनं जाईल माझा धूर. नाही पेटवणार मी, घाबरू नकोस. तुमचा दिवा राहील हिरवा. माझ्यासारख्यांच्या जिवावरच राहतो तो.

उठतोस? असा नाही जायचास, आधी तोकोचचा तुकडा मोड. भाकरीला तोंड न लावता माझ्या दारातनं कुणी गेलेलं नाही, तूही जाणार नाहीस. आणि तो चॉकलेटचा डबा उचल. बेगिमायसाठी आणला होतास ना? मग तिलाच नेऊन दे. रस्ता सरळ आहे, तळ्याच्या काठाकाठानं. आणि शिडी धरणाऱ्या त्या पोरीला तूच समजावून सांग, हवा सुधारली म्हणून तिला घरी का येता येत नाही ते. मला नाही जमायचं.

इकडे कर तो पियाला. दोन्ही हातांनी धर, सांडेल. काठोकाठ भरलाय.