माळकऱ्याच्या परसातल्या कोंबड्या

माझं माहेर पवन मावळातलं. डोंगराच्या पोटाला थोडी घरं, भाताची खाचरं, आनि दारोदारी कोंबड्या. आई भात कांडायला बसली की कोंबड्या तिच्या भवती गोळा व्हायच्या, तवा कोंबडी ही काय निराळी पाळायची गोष्ट हाय असं मला कधी वाटलंच न्हाई, घरात चूल असती तशी कोंबडी असती. चीनची लढाई झाली त्या साली माझं लगीन झालं आनि मी हितं आकुर्डीच्या वरच्या अंगाला ह्या घरात आले. आनि काय सांगू तुम्हाला ताई, पयल्या सकाळी जागी झाले तर मला कायतरी चुकल्यासारखं वाटाय लागलं, लई येळ उमगंना, मंग ध्यानात आलं की कोंबडा आरवला न्हाई. ह्या घरात कोंबडंच नव्हतं.

माळकऱ्याचं घर ना. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हनायची, त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. अंडं-मटन तर सोडाच, चातुर्मासात कांदा बी घरात येत नव्हता. देवळात भजन लागलं की वीना मामांच्या गळ्यात, गावानं मानानं दिलेला. सासूबाई मी यायच्या आदीच गेलेल्या. घरात मामा, मी आनि आमचे मालक. मालक म्हंजे माझा नवरा, मी काय त्यांचं नाव घ्यायची न्हाई, तुम्ही बी मालकच लिवा.

मामांचं रान खालच्या माळाला व्हतं. कंपन्या आल्या तवा ते गेलं. गावात कुनी रडलं, कुनी भांडलं, मामा काय बोलले न्हाईत. मालकांना कंपनीत काम लागलं, खाकी कपडे आले, शिफ्ट आली, भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. मालकांचं बरं झालं म्हना. पर मामांनी काय करायचं? बैल इकलेले. तरी रोज सकाळी उठून सवयीनं गोठ्यात जायचे, मोकळ्या गोठ्यात वाईच उभे ऱ्हायचे, दाव्याला हात लावायचे आनि परत यायचे. मला ते बघवायचं न्हाई, मी चुलीकडं तोंड करून बसायची.

तर माझी पयली पोर शकुंतला, शकू. बोलाय-चालाय लागली व्हती चांगली, आनि तिला मुदतीचा ताप आला. ताप उतरला, पर पोर अशी वाळली, अशी वाळली, की चालत व्हती ती बसाय लागली आनि बसत व्हती ती निजून ऱ्हायाय लागली. चिंचवडच्या डागदरला दावली. तो म्हनाला बाई, औषध देतो पर नुसत्या औषधानं भागनार न्हाई, हिला रोज एक अंडं द्या. मी पोर खांद्यावर घेऊन निघाले, वाटभर एकच इचार, आता घरात हे सांगायचं कसं. बाया मला म्हनाल्या अगं गुपचूप दे, म्हाताऱ्याला काय कळतंय. मला ते पटंना. ज्यानं मला लेकीसारखं वागवलं त्याला फसवून पोर जगवायची व्हय? घरी आले, पोर मांडीवर घेतली आनि मामांच्या म्होरंच बसले. म्या म्हनलं मामा, डागदर असं असं म्हनतो.

मामा उठून भाईर गेले. दिवेलागनीला परत आले, शकूजवळ बसले, तिच्या हाताची कांडी दोन बोटांत धरून बघितली, आनि मला म्हनाले, पोरी, घरातल्या चुलीवर नको, मागल्या दारी तीन दगडं मांड, भांडं निराळं कर. देवानं जाब इचारला तर मी देईन, तू पोरीला खाऊ घाल.

असा मानूस, ताई.

अंडी मिळायची हमीदाबीकडं. ती आमच्या मागल्या आळीला ऱ्हायची, नवरा देहूरोडला मिलिटरीच्या फाटकाभाईर ट्रकांची पंक्चरं काढायचा. तिच्या दारात कोंबड्या. मी रोज जायची, एका दिवशी मामा बी पोरीला घेऊन माझ्यासंगं आले. हमीदाबी म्हनाली, हिरा, हे रोजचं येनं-जानं कशाला, माझी एक कोंबडी खुडूक झालीया, अंडी उबवायचं तिच्या मनानं घेतलंय, कुनाला जवळ येऊ देत न्हाई, तिला अंड्यासकट घेऊन जा, पिल्लं मोठी झाली की घरचीच अंडी. मी मामांकडं बघितलं. मामांनी कोंबडीकडं बघितलं. आनि इचारलं काय, तर ठेवायची कुठं?

मालकांनी कंपनीतनं मशिनींच्या खोक्यांच्या फळ्या मागून आनल्या, गोड वासाच्या, आनि मामांनी त्याच मोकळ्या गोठ्यात खुराडं बांधलं, मुंगूस शिरू नये म्हनून जमिनीपासनं वर उचललेलं, पुढं सरकतं दार. तीन आठवडे ती कोंबडी बसून आनि मामा तिच्या राखनीला बसून. पिल्लं निघायच्या टायमाला मामांनी एक अंडं उचललं, कानाला लावलं, मंग शकूच्या कानाला लावलं. आनि कितीतरी दिवसांत न बोललेली पोर म्हनाली, आजा, आत कुनीतरी बोलतंय. मामा हसले तर डोळ्यांतनं पानी. पिल्लं भाईर आली, पिवळी, काळी, एक ठिपक्याचं, आनि शकू त्यांच्यामागं आधी रांगत, मंग भिंतीला धरून, मंग पळत. अंड्यानं उठली म्हना, पिल्लांमागं लागून उठली म्हना, पर उठली.

आनि मामा बी उठले. तेवढं म्या बघितलं. सकाळी खुराडं उघडायचं, कण्या टाकायच्या, ती ती ती करून हाका मारायच्या, घार दिसली की धोतराचा सोगा हालवीत परसातनं धावायचं. नावं ठेवलेली त्यांनी. मोठी ती पाटलीन, कारन तिच्या आधी कुनी दान्याला तोंड लावायचं न्हाई, ठिपक्याची ती कवडी. मी म्हनायची मामा, पिल्लांना वाळवी लई मानवती, आमच्याकडं शेनाचं मडकं पालथं घालून धरत्यात. मामा म्हनायचे त्यांचं त्यांनी उकरून खावं, मी कशाला मधी पडू. मालक रातपाळी करून आले की कोंबडा त्यांच्या उशापाशी येऊन आरवायचा, मालक वैतागायचे, म्हनायचे कंपनीत भोंगा आनि घरात हा, मानसानं झोपायचं कवा? मामा म्हनायचे ह्याला ओव्हरटाइम मिळत न्हाई तरी बघ कसा काम करतो.

फकस्त एक गोष्ट. कापायला कोंबडा मामांनी कुनाला दिला न्हाई. कंपनीवाल्यांच्या चाळीतली मानसं सुट्टीच्या दिवशी यायची, म्हनायची बाबा, द्या की एक. मामा म्हनायचे पाळायला ने, कापायला न्हाई. एकानं देवाची शपथ घेऊन नेला आनि दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात पिसं. मामांनी भांडान केलं न्हाई, त्या मानसाशी बोलनं तेवढं सोडलं, तर तो मानूसच शरमून पुढं कवातरी कोंबडीचं खाद्य घेऊन आला.

पर गाव गप बसतंय व्हय. भजनाचे म्होरके दौलतबुवा, मामांचे ल्हानपनापासनचे सोबती, त्यांनी एकदा सगळ्या मंडळींच्या म्होरं इषय काढला. मालक तिथं व्हते, त्यांनी मला सांगितलं. बुवा म्हनाले, रामभाऊ, गळ्यात माळ आनि परसात खुराडं, हे शोभत न्हाई, कोंबड्या काढ न्हाईतर वीना खाली ठेव. मामांनी इचारलं, मी खातो का? बुवा म्हनाले न्हाई. मी मारतो का? न्हाई. मंग? बुवा म्हनाले तुझ्या दारात अंडी शिजत्यात. मामा म्हनाले शिजत्यात, माझ्या नातीसाठी शिजत्यात. आनि त्यांनी गळ्यातला वीना काढला, कपाळाला लावला, बुवांच्या हातात दिला आनि घरी आले.

त्या दिवशी जेवले न्हाईत. मालक तर भडकले, म्हनाले आबा, परत त्या देवळात पाऊल टाकायचं न्हाई. मामा म्हनाले देवळानं माझं काय केलंय? आनि दुसऱ्या दिवशी गेले की भजनाला! म्होरं उभा ऱ्हानारा मानूस पार मागं, पायतानांपाशी बसला, टाळ्या वाजवीत. पर आवाज तसाच मोकळा, म्होरच्यांच्या वरनं ऐकू यायचा. सोपं न्हाई ताई हे. रागावून घरी बसनं सोपं असतंय.

मंग बहात्तरचा दुष्काळ आला. रेशनवर तो लाल मिलो, अमेरिकेचा जोंधळा, मिळायचा, त्याच्या भाकरी घशाखाली उतरायच्या न्हाईत. मामा आपल्या भाकरीतली चतकोर रोज खिशात घालायचे. मी बघून न बघितल्यावानी करायची आनि त्यांच्या ताटात थोडी जास्त वाढायची. दुष्काळातनं आमच्या कोंबड्या निघाल्या, आनि त्याच्या म्होरल्या उन्हाळ्यात मानमोडी आली.

मानमोडी म्हंजे कोंबड्यांची पटकीच. कोंबडी मान वाकडी करती, जागच्या जागी गोल फिरती आनि पडती. पयल्यांदा हमीदाबीच्या पडल्या, ती रडत आली, म्हनाली भाऊ, तुमच्या आत कोंडा. कोंडल्या. हळद लावली, लसून चारला, मी जे जे माहेरी बघितलं ते ते केलं. काय उपेग झाला न्हाई. सकाळी खुराडं उघडावं तर आत पडलेल्या. चाळीतला एकजन म्हनाला मरायच्या आदी द्या आम्हाला, मामा म्हनाले आजारी जीव मी कुनाच्या ताटात घालनार न्हाई. शेवटाला पाटलीन ऱ्हायली. भर दुपारी मामा तिला मांडीवर घेऊन गोठ्यात बसले, शकू शाळंतनं आली ती तशीच दप्तरासकट शेजारी बसली. पाटलीन गेली. मामांनी शेवग्याखाली खड्डा घेतला, समद्यांना एकत्र पुरलं. शकू म्हनाली आजा, हे आपल्याच वाट्याला का? मामा म्हनाले हमीदाच्या बी वाट्याला आलं की.

गावात मानसं बोलली, देवानं दावलं बघा म्हाताऱ्याला. मामांच्या कानावर गेलं. ते म्हनाले देवाला कोंबड्यांचा राग असता तर त्यानं त्या केल्याच नसत्या.

पर परत मामा सकाळचे त्या गोठ्यात जाऊन उभे ऱ्हायाय लागले, ताई. तसंच, आदीसारखं. म्या मालकांना सांगितलं मी माहेरी जाऊन येते. मामांना एवढंच म्हनलं, आईला बघून येते. दोन दिवसांत डालग्यात एक कोंबडी आनि एक तरना कोंबडा घालून, वरनं फडकं बांधून एष्टीनं परत आले. वडगावला गाडी थांबली आनि हा कोंबडा आतनं आरवला, समदी गाडी हसाय लागली, कंडक्टर म्हनाला ह्यो उतरनार हाय का? घरी आले, गोठ्यात बघते तर काय, खुराडं घासून पुसून चुन्यानं पांढरं केलेलं, आत नवं गवत. मी बोलले नव्हते कशाला चालले ते. मामा म्हनाले लई उशीर केलास, वाट बघून थकलो.

त्या टायमाला आमच्याकडं जनावरांचा सरकारी डागदर यायचा, तो म्हनाला लस टोचली तर मानमोडी यायची न्हाई. मामांनी हमीदाबीला सांगितलं, आळीआळीनं हिंडून समद्यांना सांगितलं, ज्यांनी देवानं दावलं म्हनलं व्हतं त्यांच्या बी दारात गेले, म्हनाले टोचून घ्या बाबांनो, मुक्या जिवाचे लई हाल होत्यात. लस टोचायला आमच्या परसात रांग लागली. परत तसली मर आमच्या आळीत आली न्हाई.

आनि दौलतबुवा. त्यांची सून बाळंतीन झाली, रगत लई गेलं, पार पांढरी पडली. तिला बी डागदरनं अंडी सांगितली. एका दुपारी बुवा सोता आमच्या मागल्या दारी येऊन उभे. मामांनी बघितलं, काय इचारलं न्हाई. खुराड्यात हात घालून गरम अंडी काढली, उपरन्यात बांधली, बुवांच्या हातात दिली आनि म्हनाले, रोज पोरीला पाठवून देतो, तू कशाला येतोस उन्हाचा. शकू, बुवांना पानी आन. बुवा पानी प्याले. मंग म्हनाले, रामभाऊ, वीना घे परत. मामा म्हनाले ऱ्हाऊ दे आता, मला बसूनच बरं वाटतंय, मागनं समद्यांचा आवाज ऐकाय येतो. बुवांनी माफी मागितली न्हाई आनि मामांनी मागवली न्हाई. पर त्या दिवसापासनं बुवा रोज आमच्या परसात येऊन बसाय लागले, कोंबड्या त्यांच्या धोतरावरनं जायच्या तरी हाकलायचे न्हाईत.

मागल्या साली मामांना दम लागाय लागला. त्यांची बाज आम्ही मागल्या दारी टाकली, कोंबड्या दिसाव्यात म्हनून. एका सकाळी मी खुराडं उघडलं, कोंबड्या भाईर आल्या. मामा बाजेवरनं बघत व्हते, म्हनाले, हिरा, ती तांबडी लंगडती, बघ तिच्या पायात कायतरी हाय. मी तिला धरली, पाय उलटा करून बघितला तर बाभळीचा काटा. काटा काढला, म्या म्हनलं मामा, काटा व्हता हो, निघाला. तर मामा गेलेले. बाजेवर, कोंबड्यांकडं तोंड करून.

दिवसकार्याला बुवांनीच भजन लावलं. ते समदं तुम्हाला सांगत बसत न्हाई, मला रडू येईल.

आता वरीस व्हत आलं. शकू चाकनला दिलीया, जावई कंपनीत हाय, पोर झालंय तिला, अंगानं अशी दनदनीत झालीया की वळखायची न्हाईत तुम्ही. तिच्या दारात बी कोंबड्या. हमीदाबी थकली, तरी दुपारची येऊन बसती. हितनं आता रस्ता जानार म्हनत्यात, मानसं येऊन खुंट्या मारून गेली, निम्मं परस जाईल. मालक म्हनत्यात बिल्डिंगीत खोली बघू. जाऊ दे, रान गेलं तवा मामा काय बोलले न्हाईत, मी परसासाठी कशाला भांडू, मानसांना जायाला-यायाला वाट तर पायजेच. जोवर हाय तोवर हाय.

तुमची लेकरंबाळं धडधाकट ऱ्हावोत ताई, आनि म्हातारपनी त्यांना कुनीतरी असं लाभो. बसा, उठू नका, चा ठेवते. उन्हं उतरली, तेवढ्या कोंबड्या कोंडून आले मी.