रडते मराठीत

"बाळंतपणानंतर सारखं रडू आलं तर लपवू नका," असं नर्सने बजावलं होतं. देवयानीने ते हसण्यावारी नेलं. आज शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या क्लिनिकमध्ये, डिप्रेशनवर केटामाइन हे गुंगी आणणारं औषध देतात तिथे, स्वतःचाच नंबर यायची वाट बघत ती बाळाला थोपटत बसली असताना काउंटरवरून मराठी कानावर आलं.

"रेणू, औषध चढलं की तू मराठीतच बोलणार. थेरपिस्टला काय कळणार, कप्पाळ?"

"म्हणून तर तुम्हाला आणलं, काकू."

"सॉरी, आत फक्त फॅमिली," रिसेप्शनिस्ट इंग्रजीत म्हणाली. "फोनवर हिंदी इंटरप्रिटर देते ना!"

"हिंदीत मी सिरियल बघते हो," रेणू म्हणाली. " रडते मराठीत."

"मग सेशन कॅन्सल करावं लागेल."

"पुन्हा? इंग्रजीत रडणाऱ्यांचं करता का कधी कॅन्सल?"

"काकू, हळू. लोक बघतायत."

"बघू देत की!"

"पण मॅडम, तुम्ही हिच्या कोण?"

"ही मला काकू म्हणते. आमच्यात याला फॅमिलीच म्हणतात. मॅनेजरला बोलाव, मी इथून हलत नाही."

देवयानी बाळाला घेऊन उठली आणि काकूंच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"मीपण यांची फॅमिली. मीही हलणार नाही."

तुमच्याही ओळखीत कुणी हसून "मी बरी आहे" म्हणत असेल. आजच तिला फोन करा, आणि तिच्या भाषेत विचारा.