कपारीतली माकुडी

‘ती दुर्मीळ वनस्पती, शिंदळ माकुडी, तुमच्या कड्यावर अजून आहे का?’ एका अभ्यासक बाईंचं हे पत्र उत्तमराव गुरुजींनी वर्षभर तसंच ठेवलं होतं. गुडघ्यांना कडा झेपेना आणि ‘संपली’ असं लिहायला मन धजेना.

आज राजूरच्या पोस्टात रांगेत त्यांच्यापुढे सासू-सून उभ्या होत्या.

"आत्याबाई, माकुडी समदी शेरडांनी खाल्ली म्हनं."

"खालची खाल्ली. वर कपारीत म्या लावलीया. भाजीला खुडली की एक कांडं तिथं खोचून येते. औंदा तांबडी फुलं लई आलीत."

"शेरडाला जमंना तिथं तुमी चढता?"

"शेरडाला दोर धरता येत न्हाई."

"कुठल्या कपारीत?"

"ते न्हाई सांगनार. लोक मुळासकट उपटून कुंडीत लावत्यात."

"मी लोक व्हय?"

गुरुजींनी खिडकीवर पोस्टकार्ड घेतलं. ‘आहे. फुललीही आहे. कुठे, ते विचारू नका,’ एवढंच लिहून त्यांनी ते पेटीत टाकलं.