लेनिहनच्या गोठ्याची खबर

—बसा हो, उभे का? ही एकच खुर्ची धड राहिलीय, बाकीच्या झडतीत मोडल्या त्या खाकीवाल्या सैनिकांनी. कोण, कोलमन? माझा लेक? तो कुठला घरात! ईस्टरपासून तोंड दिसलं नाही त्याचं—आणि तुम्ही त्याचे दोस्त म्हणता? असाल बाबा, असाल.

हात चालू ठेवते हं माझा, लोणी यायच्या बेतात आहे. इंग्रजांनी गावची डेअरी जाळली, तेव्हापासून घरोघरी पुन्हा हेच—दंड नुसते भरून येतात. एक विचारू? मी घुसळतेय हे तुम्ही बघितलंत आणि तसेच उभे राहिलात. आमच्या क्लेअर परगण्यात घुसळण चालू असताना कुणी दारात आलं ना—पाद्रीबाबा असो की भिकारी—‘देव बरकत देवो’ म्हणतो नि रवीच्या दांड्याला दोन हात लावतो, नाहीतर घरचं लोणी त्याच्यामागे निघून जातं. इंग्रजांशी लढणारी ती डोंगरातली पोरंसुद्धा बंदुका भिंतीला टेकवतात, आधी घुसळतात, मग खायला मागतात—म्हणजे, असं लोक सांगतात. माझ्याकडे नाही येत कुणी! तुम्ही काही हात लावला नाहीत. म्हणजे डोंगरातले नव्हेत. बरं बरं, आलं लक्षात—सरकारी माणूस. आधीच सांगायचं ना, साहेब!

तर साहेब, हे घर राजाशी इमानी. पोलीस सार्जंटच्या बायकोला अंडी मीच देते—गावानं वाळीत टाकलंय तिला, दुकानदार मीठसुद्धा देत नाही, तरी देते. वर काय बघता? मांजर आहे. माडीवर नुसते बटाटे, नि जिना मोडका, उगाच पाय घसरायचा. अजून विश्वास नाही? मग ऐका. गेल्या आठवड्यात लेनिहनच्या गोठ्यात डोंगरातली दोन पोरं पकडलीत ना तुमच्या लोकांनी? खबर कुणी दिली? मी! ह्या होनोरा टब्रिडीनं! आता असल्या बाईच्या घराची कुणी झडती घेतं का?

काय? पुन्हा बोला. डब्लिनचे? डोंगरातल्या पोरांनीच बोलावलंय—ती खबर कुणी दिली ते शोधायला?

अरे देवा. शहरातला माणूस! अरे बाळा, तुला घुसळणीचं कुठून ठाऊक असणार, तुमच्याकडे लोणी दुकानात मिळतं—मी तुला पोलीस समजले रे! थापा मारल्या सगळ्या, तू निघून जावास म्हणून. ते पिस्तूल ठेव ना खाली. अंडी दिली ती खरी, तिचं मूल तान्हं आहे म्हणून—पण खबर नाही, मेरीमातेची शपथ, नाही! खोटं वाटतं? कोलमनला विचार. आहे, माडीवरच आहे, तापानं फणफणलाय. त्याला सगळं ठाऊक आहे. तोही त्याच गोठ्यात होता ना त्या दोघांबरोबर, सैनिक यायच्या जरासा आधी निघून आला घरी, अंगात कसकस होती म्हणून—

असा का बघतोस?

आजारी होता तो. अरे, आजारीच होता. आईला कळत नाही का? कपाळ नुसतं तव्यासारखं तापलं होतं—दोस्तांना विकून आलेला माणूस असा दिसतो का? मी कुठे म्हणाले तसं. तूही नाही म्हणालास. मग असा बघू नकोस ना!

थांब. वर जाऊ नकोस. खबर मी दिली. मीच. आधी सांगितलं तेच खरं, आत्ताचं खोटं—भेदरले म्हणून बोलून गेले. त्याला ह्यातलं काही माहीत नाही. चल, मागच्या शेतात चल. आणि दार हळू ओढ, आत्ताच डोळा लागलाय त्याचा.